प्रतिष्ठेपायी होणारा छळ व सक्तीचा विवाह

घराण्याची, जातीची अब्रू राखण्याच्या नावाखाली घरच्यांनी, भावकीने किंवा जातपंचायतीने केलेली जबरदस्ती. बळी बहुधा तरुण मुली असतात, पण मुलगेही सुटत नाहीत : जानेवारी २०१३ मध्ये सोनई (तेव्हाचा अहमदनगर जिल्हा) येथे प्रेमसंबंधावरून तीन दलित तरुणांची हत्या झाली. मनाविरुद्ध लावलेले लग्न हा याच छळाचा एक प्रकार. स्थळ घरच्यांनी आणले म्हणून लग्न सक्तीचे होत नाही. ‘नाही’ म्हणायची सोय उरली नाही की होते, मग मारहाण झालेली असो वा आईने जीव देण्याची धमकी दिलेली असो.

वर्तमानपत्रात येतो तो खून. त्याआधीचे महिने घराच्या भिंतीआड जातात. मोबाइल काढून घेतात, कॉलेज बंद होते, मुलीला मामाच्या गावी धाडतात आणि घाईने सुपारी फोडतात. मैत्रिणीला, शिक्षिकेला हे दिसते. थांबवता येते ते याच वेळी. मात्र आईवडिलांना बोलावून समजूत घालायला जाऊ नये, त्याने मुलीचाच जीव धोक्यात येतो. तिच्याशी एकांतात बोलावे.

पळून जाऊन लग्न केलेल्यांना रागापेक्षा मायेचा निरोप अधिक घातक ठरू शकतो. २०१३ मध्येच नाशिकला आंतरजातीय विवाह केलेल्या गरोदर मुलीला, आजी आजारी आहे असे सांगून, बापाने रिक्षात बसवले आणि गळा आवळून मारले. त्यानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम उघडली. वाळीत टाकणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद देणारा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा राज्यात जुलै २०१७ पासून लागू आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्तिवाहिनी या संस्थेने दाखल केलेल्या खटल्यात अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष उभारण्यास आणि सुरक्षागृहांचा विचार करण्यास सांगितले. तरी आंतरजातीय, आंतरधर्मीय जोडप्यांना नोंदणी पद्धतीने लग्न करता येते त्या विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची जाहीर नोटीस कायम आहे. ज्यांच्यापासून लपायचे, त्यांनाच ती पत्ता देते.

सक्तीने लागलेले लग्न हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार रद्द करून घेता येते. दडपण संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.