किनाऱ्याच्या संशोधनात पीएच.डी.: बडोद्यातून अर्ज करणाऱ्यांसाठी

खंभातचं आखात बडोद्यापासून इतकं जवळ असूनही किनाऱ्यावर संशोधन करायला आपली मुलं फारशी वळत नाहीत. भूगोल, भूविज्ञान, पर्यावरणशास्त्र, जिओइन्फर्मेटिक्स (संगणकावर नकाशे आणि उपग्रहचित्रं अभ्यासणारं शास्त्र) यांपैकी कशातही एम.एस्सी. असेल तर वाट खुली आहे.

पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्ग आणि दिव्यांगांना ५० चालतात. मग नेट, म्हणजे प्राध्यापकपद, शिष्यवृत्ती आणि पीएच.डी. प्रवेशासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा: भूगोल किंवा पर्यावरणवाल्यांनी यूजीसी-नेट द्यावी, भूविज्ञानवाल्यांनी सीएसआयआर-नेटचा पृथ्वीविज्ञानाचा पेपर. शेवटच्या वर्षाला असलात तरी बसता येतं. यूजीसीच्या जेआरएफला (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) वयोमर्यादा ३० वर्षं; महिला, राखीव प्रवर्ग आणि दिव्यांगांना ५ वर्षं सवलत. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. जेआरएफ हुकली आणि ‘फक्त पीएच.डी.’साठी पात्र ठरलात, तर नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. हे गुण एकच वर्ष चालतात, म्हणून विद्यापीठाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

कागदपत्रांत दहावीची गुणपत्रिका सगळ्यात आधी बघा. तिच्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळायलाच हवं. आपल्याकडे आडनाव कुठे आधी, कुठे शेवटी असतं. मग पदवीच्या गुणपत्रिका, नेटचं प्रमाणपत्र, विद्यापीठ बदलत असाल तर आधीच्या विद्यापीठाचं मायग्रेशन (स्थलांतर) प्रमाणपत्र, नोकरी असेल तर ना-हरकत पत्र. जातीच्या दाखल्याचं काम मात्र महिनाभर आधी सुरू करा. महाराष्ट्रातल्या दाखल्यावर गुजरात सरकारच्या राखीव जागा मिळत नाहीत, आणि नेटसाठी ओबीसीचा नॉन-क्रीमी लेअर दाखला केंद्राच्याच नमुन्यात लागतो.

खरा जीव ओता तो संशोधन आराखड्यात. मुलाखतीत त्यावरच खोदून विचारतात. किनारा कसा बदलला ते उपग्रहचित्रांवरून बघता येतं: लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत, सेंटिनेल-२ ची २०१५ पासूनची, दोन्ही फुकट. पण खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या आसपास जातो. एक चित्र भरतीचं आणि दुसरं ओहोटीचं घेतलंत, तर समुद्र जमीन गिळतोय असा खोटाच निष्कर्ष निघेल. प्रत्येक चित्राच्या वेळी पाणी किती चढलेलं होतं ते कसं तपासणार, हे आराखड्यात स्पष्ट लिहा. मही नदीच्या मुखासारखा एकच टापू निवडलात तर आणखी चांगलं.

गुजरातमध्येच प्राध्यापक व्हायचं असेल तर नेटऐवजी जीसेट ही गुजरातची राज्यस्तरीय पात्रता परीक्षाही चालते. ती आपलं महाराजा सयाजीराव विद्यापीठच घेतं. जेआरएफ किंवा पीएच.डी. प्रवेशासाठी मात्र जीसेटला नेटचा पर्याय धरू नका.