पन्नाशीतच विसरायला लागणारी माणसं आणि व्होल्गाकाठची दोन गावं

आपल्याकडे म्हणतात ना, साठी बुद्धी नाठी. साठी उलटली की माणूस थोडंफार विसरणारच असं आपण धरूनच चालतो. पण अमेरिकेत पश्चिमेकडच्या राज्यांत काही घरं अशी होती जिथे हे पन्नाशीतच सुरू व्हायचं, आणि एखाद्याचंच नाही, आधी आजी, मग तिच्या मुलांपैकी दोघं, मग नातवंडांतलं कुणीतरी, असं पिढ्यानपिढ्या. आडनावं वेगळी, गावं वेगळी, एकमेकांची ओळखदेखही नाही. फक्त एक गोष्ट या सगळ्या घरांत सारखी सांगितली जायची, ती म्हणजे आपण रशियातून आलो पण आपण रशियन नाही, आपण जर्मन.

आपल्या घरात कसं, आपण मूळचे कोकणातले असं म्हातारी माणसं सांगतात, आपण हो हो म्हणतो आणि विसरून जातो, तसलंच ते वाक्य. पण याच वाक्याचा धागा धरून शेवटी अल्झायमरचं एक जनुक सापडलं. मला हा शोध फार जवळचा वाटतो कारण यात लॅब जितकी महत्त्वाची तितकीच चर्चची जुनी वही, आणि तितकीच आजीची गोष्ट.

आता हे रशियातले जर्मन म्हणजे कोण ते आधी बघू. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन, जी स्वतः जन्माने जर्मन राजकन्या, तिने जुलै १७६३ मध्ये जाहीरनामा काढला की परदेशी लोकांनी यावं, व्होल्गा नदीकाठची पडीक जमीन कसावी, ३० वर्षं कर नाही, धर्म तुमचा तुम्ही पाळा, सैन्यात भरती व्हायची सक्ती नाही. त्याच वर्षी युरोपात सात वर्षं चाललेलं युद्ध संपलं होतं आणि मध्य जर्मनीतल्या हेसन भागाची पार दुर्दशा झाली होती, शेतं उजाड, डोक्यावर कर्ज. लोक निघाले. १७६४ ते १७६७ या काळात पंचवीस-तीस हजार माणसं ल्युबेक बंदरातून बाल्टिक समुद्रमार्गे रशियाला गेली आणि तिथून महिनोन्महिने प्रवास करून साराटोवच्या आसपास पोचली. तिथे त्यांनी शंभराहून जास्त गावं वसवली. त्यातली दोन शेजारशेजारची गावं म्हणजे फ्रँक आणि वॉल्टर, दोन्ही १७६७ ची. ही नावं लक्षात ठेवा.

एक छोटीशी गोष्ट इथे सांगायलाच हवी. कुटुंबवाल्या माणसांना तिकडे जास्त मागणी होती म्हणून निघण्यापूर्वी तरुण मंडळींनी पटापट लग्नं लावून घेतली. हेसनमधल्या ब्युडिंगेन या एका छोट्या गावात १७६६ च्या फेब्रुवारी ते जुलैमध्ये अशी साडेतीनशेहून जास्त लग्नं झाली आणि चर्चच्या वहीत नोंदली गेली, नवरा कुठला नवरी कुठली यासकट. ती वही आज पूर्वज शोधणाऱ्यांसाठी खजिना आहे. घाईघाईत लग्न उरकणाऱ्या त्या पोरापोरींना काय कल्पना असणार.

व्होल्गाकाठी ही माणसं शंभरेक वर्षं आपल्यातच राहिली. भाषा तीच, हेसनची बोली, लग्नं आपल्याच गावात नाहीतर शेजारच्या गावात, तीही आपल्याच पंथाची, ल्युथरनची मुलगी ल्युथरनलाच. संख्या मात्र वाढत वाढत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चार लाखांच्या घरात गेली. विज्ञानाच्या दृष्टीने गोष्ट इथेच सुरू होते. मोठ्या लोकसंख्येतून मूठभर माणसं वेगळी होऊन लांब जाऊन राहिली की त्या मुठीत जे असेल तेच पुढे पेरलं जातं. हजारात एखाद्याकडे असणारा दोष, तो एखादा जर त्या मुठीत असला, तर दोनशे वर्षांनी त्या गावाच्या प्रमाणात खूप मोठा होऊन बसतो. याला संस्थापक परिणाम म्हणतात. गावात सख्ख्या नात्यात कुणी लग्न केलेलं नसतं, तरी सगळेच कुठून ना कुठून एकमेकांचे भाऊबंद.

याचं गाजलेलं उदाहरण पेनसिल्व्हेनियातल्या आमिश लोकांचं, तेही जर्मन बोलीच बोलतात. त्यांच्यात उंची खूप कमी आणि हाताला सहा बोटं असलेली मुलं जास्त जन्मायची. व्हिक्टर मॅक्युसिक या डॉक्टरने १९६४ मध्ये त्यांच्या वंशावळी मागे मागे नेल्या तर सगळ्या रेषा एकाच जोडप्यापाशी येऊन थांबल्या, १७४४ मध्ये तिथे आलेला सॅम्युअल किंग आणि त्याची बायको. पण आमिश लोकांनी आपल्या वंशावळी नीट लिहून ठेवल्या होत्या आणि ते एकाच जागी होते. व्होल्गावाले दोनदा देश बदललेले, त्यामुळे त्यांचं काम फारच अवघड.

दुसऱ्यांदा का बदलला, तर सैन्यभरतीची सूट गेली. १८७४ पासून रशियाने त्यांच्या मुलांनाही भरतीत ओढलं आणि लोक पुन्हा बोचकी बांधून निघाले, या वेळी अमेरिका. कॅन्ससमध्ये गहू, नेब्रास्का कोलोरॅडोत साखरेच्या बिटाची शेती. नेब्रास्कातल्या लिंकन शहरात तर व्होल्गावरच्या एका गावचे लोक शक्यतो एकाच मोहल्ल्यात राहायचे.

आता समजा तुम्ही अशाच एका घरातले आहात आणि पणजोबा कुठले ते शोधताय. अमेरिकेच्या १९१० च्या जनगणनेत नोंद सापडते, जन्मदेश रशिया, मातृभाषा जर्मन. पुष्कळ जण पहिला शब्द वाचतात, दुसरा वाचतच नाहीत आणि मग रशियन पूर्वज शोधत बसतात. १८९० ची जनगणना बघावी तर १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीनंतर तिचं जवळजवळ काहीच राहिलं नाही. जहाजाची यादी बघावी तर हॅम्बर्गहून निघालेल्यांच्या याद्या १८५० पासूनच्या छान जपल्या आहेत, पण पणजोबा ब्रेमेनहून निघाले असतील तर तिथल्या जुन्या याद्या जागा नाही म्हणून ऑफिसनेच वर्षानुवर्षं नष्ट केल्या आणि उरल्यासुरल्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. हे वाचलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण लाखो माणसांचं घर सोडतानाचं शेवटचं नाव त्या कागदांवर होतं.

नावांचं तर विचारूच नका. घरात सांगतात की न्यूयॉर्कच्या बंदरावर अधिकाऱ्याने आपलं नाव बदललं. तसं सहसा व्हायचं नाही, अधिकारी जहाजाची तयार यादी घेऊन बसायचे, आणि ती युरोपातच लिहिलेली असायची. नावं लोकांनी स्वतः बदलली, श्मिटचा स्मिथ, म्युलरचा मिलर, त्सिमरमनचा सरळ भाषांतर करून कार्पेंटर, आणि पहिल्या महायुद्धात जर्मन असणंच नकोसं झाल्यावर तर पटापट. इंग्लंडच्या राजघराण्यानेही १९१७ मध्ये तेच केलं, त्यांचे नातलग बॅटनबर्ग होते ते माउंटबॅटन झाले, त्यातलाच एक आपल्याकडचा शेवटचा व्हाइसरॉय. शिवाय जुन्या जर्मन नोंदींमध्ये पाच भावांची नावं योहान असू शकतात, योहान गेओर्ग, योहान हाइनरिश, असं, हाक मारायचं नाव दुसरं. वेस्टफालियात तर बायकोच्या शेतवाडीवर राहायला गेलेला नवरा तिच्या वाडीचं नाव लावायचा, म्हणजे आपल्या भाषेत घरजावयाचं आडनावच बदललं, मग शोधणारा त्या पुरुषाच्या आडनावाने मागे जातो आणि भिंतीवर आपटतो.

आणि हे सगळं कुरेंट नावाच्या लिपीत, ज्यात ई आणि एन जवळपास सारखे दिसतात आणि यू ओळखायचा त्याच्या डोक्यावरच्या छोट्या वळणावरून. ज्यांनी मोडीतली घरची कागदपत्रं उलगडायचा प्रयत्न केलाय त्यांना सांगायला नको, लेखणी उचलायची नाही म्हणून अक्षरं एकात एक, आणि वाचणारं माणूस गावात एखादंच.

पण व्होल्गावाल्यांची खरी अडचण पुढे होती. १७६७ साली त्या गावांमध्ये घरटी मोजणी झाली होती, कोण, वय किती, पंथ कोणता, मूळ कुठला, सगळं लिहिलेलं. १७९८ च्या मोजणीत तर बायकांची माहेरची आडनावंसुद्धा. हा सोन्यासारखा कागद साराटोव आणि एंगेल्स या शहरांच्या दप्तरखान्यांत पडून होता आणि सोव्हिएत काळात अमेरिकेतल्या सामान्य माणसाला तो बघायला मिळणं जवळपास अशक्य. ऑगस्ट १९४१ च्या हुकुमाने स्टालिनने तर व्होल्गावरच्या सगळ्या जर्मनांना उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं, त्यामुळे तिकडे जाऊन गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावं तर म्हातारेच नाहीत.

अशा वेळी सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मेंदूविकार तज्ज्ञ थॉमस बर्ड आणि त्यांचे सहकारी लवकर विसरायला लागणाऱ्या घरांच्या वंशावळी गोळा करत होते. अमेरिकेतली चर्चची रेकॉर्ड, मृत्यूचे दाखले, आणि मुख्य म्हणजे घरच्या लोकांच्या आठवणी. मृत्यूच्या दाखल्यावर अल्झायमर लिहिलेलं कुठून असणार, जुन्या काळी रक्तवाहिन्या कडक झाल्या असं काहीतरी लिहून मोकळे व्हायचे किंवा माणूस वेड्यांच्या इस्पितळात गेला एवढंच. तेव्हा कामाला आली ती आत्याने सांगितलेली गोष्ट, की आई पन्नाशीत होती आणि रोजची पावाची कृती तिला आठवेना, की बाबा शेतातून घरी यायचा रस्ता चुकायचे. अशा गोष्टींमध्ये वय असतं, नातं असतं, गाव असतं. हळूहळू दिसायला लागलं की एकमेकांशी संबंध नसलेली ही घरं व्होल्गा जर्मन आहेत आणि पुष्कळशी तर त्याच दोन गावांतली, फ्रँक आणि वॉल्टर. १९८८ मध्ये त्यांनी ते छापलं, संस्थापक परिणाम असावा असा अंदाज लिहून.

तोवर अल्झायमरचं एकही जनुक सापडलेलं नव्हतं हे विसरू नका. १९९१ मध्ये २१ व्या गुणसूत्रावर एक मिळालं, १९९२ मध्ये १४ व्या गुणसूत्रावर दुसऱ्याचा माग लागला, पण व्होल्गावाली घरं दोन्हीकडे बसेनात. म्हणजे तिसरं कुठेतरी आहे. सगळी एकाच मुळाची घरं असल्यामुळेच हे म्हणता आलं, वेगवेगळी घरं एकत्र केली असती तर कारणांची खिचडी होऊन काहीच कळलं नसतं. १९९५ मध्ये ते पहिल्या गुणसूत्रावर सापडलं, एफ्रात लेव्ही-लाहाद, जेरार्ड शेलेनबर्ग आणि सहकाऱ्यांना. आज त्याला प्रेसेनिलिन २ म्हणतात. बिघाड एवढासा की डीएनएतलं एक अक्षर बदललंय, त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत १४१ व्या जागी ॲस्पॅराजिनऐवजी आयसोल्युसिन येतं. हे प्रथिन मेंदूत दुसऱ्या एका प्रथिनाला कापणाऱ्या कात्रीचा भाग आहे, कात्री बिघडली की चिकट तुकड्यांचं प्रमाण वाढतं आणि ते पेशींभोवती साचत जातात.

आई किंवा वडील, एकाकडून आलं तरी पुरतं, म्हणजे प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. सुरुवात सरासरी पन्नाशीच्या मध्यावर, पण कुणाला चाळिशीत तर कुणाला सत्तरीनंतर. त्यामुळे वंशावळ वाचताना फसायला होतं, सत्तरीत विसरणाऱ्या आजोबांना लोक नेहमीचं म्हातारपण समजतात आणि जो पस्तिसाव्या वर्षी अपघातात गेला त्याच्याकडे होतं की नव्हतं ते कधीच दिसत नाही. आणि कुणी घाबरून जाऊ नका, एकूण अल्झायमरमध्ये असल्या एका जनुकामुळे थेट येणारे पेशंट शंभरात एखादाच, त्याहूनही कमी.

आता सगळ्यात सुंदर भाग. बिघडलेलं अक्षर एकटं येत नाही, आजूबाजूचा डीएनएचा पट्टा सोबत घेऊन येतं. प्रत्येक पिढीत आईवडिलांचे पट्टे मध्येच तुटून एकमेकांत जुळतात त्यामुळे हा सोबतचा पट्टा दर पिढीला थोडा थोडा आखूड होत जातो. दोन माणसांकडे तोच पट्टा किती लांब उरलाय यावरून त्यांचा समान पूर्वज साधारण किती पिढ्या मागे ते काढता येतं. घरी थुंकी गोळा करून पाठवायची जी टेस्ट मिळते तीही याच तत्त्वावर चुलत-मावस भावंडं शोधते, पण तिला मर्यादा आहेत, ज्यांचे खापरपणजोबा एकच अशा दूरच्या चुलत भावंडांपैकी दहात एकाशी तुमचा एकही ओळखण्याजोगा पट्टा जुळत नाही, आणखी एक पिढी मागे जोडलेल्यांपैकी तर निम्म्यांशी. नातं खरं असतं, डीएनए गप्प असतो. त्या टेस्टमध्ये इतके टक्के जर्मन, इतके टक्के फ्रेंच असं जे रंगीत चक्र येतं ते मला तरी सगळ्यात कमी कामाचं वाटतं, कारण गाव कागदच सांगतो.

तर २०१० मध्ये जर्मनीतल्या एका पेशंटमध्ये हेच अक्षर बदललेलं सापडलं, अशा माणसात ज्याच्या घराण्याचा व्होल्गाशी काही संबंध माहीत नव्हता. आजूबाजूचा पट्टा तपासला तर तोही अमेरिकेतल्या घरांशी जुळणारा. म्हणजे हा बदल रशियात झालेला नाही, १७६० च्या दशकात ती माणसं निघाली तेव्हा त्यांच्यातल्या कुणीतरी तो हेसनमधून सोबत नेला होता आणि त्याचेच भाऊबंद मागे गावात राहिले होते.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर साराटोवचे दप्तरखाने उघडले, १७६७ च्या याद्या छापून आल्या, आणि आता लिंकनमधली रशियातून आलेल्या जर्मनांची संस्था, जी १९६८ पासून आहे, तिथे लोक आपापलं गाव शोधायला येतात. त्यात कुणी हौसेने फ्रँक किंवा वॉल्टरपर्यंत पोचतो आणि मग त्याला आठवतं की आजीबद्दल घरात कधी नीट बोलायचेच नाहीत. टेस्ट करायची की नाही हा प्रश्न तिथेच समोर येतो, कारण हा आजार बरा करणारं औषध अजून नाही. काही जण समुपदेशकाशी बोलून करतात. बरेच जण करत नाहीत, पण अभ्यासासाठी रक्त देतात आणि रिझल्ट आम्हाला सांगू नका असं लिहून देतात.