एजन्सीतून नोकरी आणि एजन्सीची नोकरी

नर्सिंगचा शेवटचा निकाल लागला, नोंदणी झाली, की थोड्याच दिवसांत अनेकांना फोन येतो: आमच्या एजन्सीतून काम आहे, कधी रुजू होता? मग बॅचमध्ये आणि सीनिअर्सपाशी एकच प्रश्न फिरतो, एजन्सी धरावी की नको. याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण ‘एजन्सी’ या नावाखाली दोन वेगळे व्यवहार चालतात आणि नव्या नर्सच्या बाबतीत त्यांचे परिणाम अगदी निराळे होतात. एका प्रकारात एजन्सी तुम्हाला नोकरी मिळवून देते. दुसऱ्यात एजन्सीच तुमची नोकरी असते.

नेमणूकपत्रावर सही कोणाची आहे आणि महिनाअखेरीस पगार कोणाकडून येतो, एवढं पाहिलं तरी कोणता प्रकार ते कळतं. भरती एजन्सी रिकाम्या जागा शोधते, कागदपत्रं तपासते, मुलाखत ठरवते. तुम्ही रुजू झालात की तिचं काम संपलं. तिचा मोबदला रुग्णालय देतं आणि तुम्ही रुग्णालयाचे कर्मचारी होता. वॉर्ड ठरलेला, इनचार्ज सिस्टर ठरलेल्या, ड्युटीचा तक्ता त्यांचा. स्टाफिंग एजन्सीत मात्र नेमणूक सहसा एजन्सीचीच असते. रुग्णालय तिला तासांवर पैसे देतं, आपला वाटा ठेवून ती तुम्हाला देते, आणि तुम्ही आज मेडिसिन वॉर्डात, परवा सर्जिकलमध्ये, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच रुग्णालयात असू शकता.

मधले प्रकारही आहेत. काही एजन्सी सलग काही आठवड्यांसाठी एकाच जागी पाठवतात. अमेरिकेत ट्रॅव्हल नर्सचे करार बहुधा १३ आठवड्यांचे असतात. काही मोठी रुग्णालयं स्वतःचीच बदली नर्सची फळी ठेवतात. ती एजन्सीसारखी वाटते, पण निदान रुग्णालय तरी एकच राहतं. हे सगळे प्रकार जाहिरातीत सारखेच दिसतात, म्हणून जाहिरातीवर न जाता करार वाचावा.

आता मूळ मुद्दा. माझं मत स्पष्ट आहे: नव्या नर्सने भरती एजन्सीमार्फत नोकरी घ्यायला हरकत नाही, पण सुरुवात स्टाफिंग एजन्सीच्या शिफ्टपासून करू नये. कारण समजून घ्यायचं तर रुग्णालय एजन्सीला फोन कधी करतं ते बघावं लागेल. कुणी आजारी पडलं, कुणी रजेवर गेलं, साथीत खाटा वाढल्या, जागा कित्येक महिने भरल्या गेल्या नाहीत. म्हणजे एजन्सीची शिफ्ट निघते ती मुळात स्टाफ कमी असलेल्या दिवशी. त्या दिवशी वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरच्या वाट्याला नेहमीपेक्षा जास्त रुग्ण असतात आणि कुणाकडेही शिकवायला वेळ नसतो. तासाचा दर जास्त मोजून बोलावलेल्या नर्सने ओव्हर (आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती आणि ताबा) घेतला की लगेच कामाला लागावं, ही रुग्णालयाची अपेक्षाही रास्त आहे. ते विकत घेत असतात ती तयारी, आणि नव्या नर्सकडे नेमकी तीच अजून झालेली नसते. ही तिची चूक नाही. पदवी आणि तयारी यांत काही काळ जावा लागतो.

तो काळ किती, यावर नर्सिंगमध्ये पुष्कळ विचार झालेला आहे. अमेरिकन नर्सिंग अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या, अगदी नवख्यापासून तज्ज्ञापर्यंत. त्यातली तिसरी, म्हणजे सक्षमतेची पायरी, त्यांच्या मते एकाच किंवा सारख्या प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं गेल्यावर येते. यातलं ‘एकाच किंवा सारख्या’ हे फार महत्त्वाचं आहे. रोज वेगळ्या वॉर्डात दोन वर्षं काढली म्हणून ती पायरी आपोआप येत नाही. त्याआधी १९७४ मध्ये तिथल्याच नर्सिंग अभ्यासक मार्लीन क्रेमर यांनी कॉलेजात शिकलेलं आणि वॉर्डात प्रत्यक्ष दिसणारं यांच्यातल्या धक्क्याला ‘रिअ‍ॅलिटी शॉक’ म्हटलं. पहिल्या नोकरीचे पहिले काही महिने ज्यांनी काढलेत त्यांना या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही.

पहिल्या वर्षात नेमकं काय शिकलं जातं? सलाईन लावणं, इंजेक्शन देणं, ड्रेसिंग हे हाताला लवकर बसतं. उशिरा येते ती नजर. रुग्णाचं बीपी अजून ठीक आहे, पण श्वासाचा वेग वाढलाय, तो कालच्यापेक्षा गप्प आहे, चादर सारखी ओढतोय. अनुभवी सिस्टर बाहेर पडता पडता दारातच थांबतात आणि पुन्हा त्याच्याकडे वळतात. नवी नर्स आकडे बरोबर लिहिते, पण ते एकत्र वाचायला तिला अजून यायचं असतं. ही नजर येते विचारण्यातून. ‘सिस्टर, जरा बघता का?’ पहिल्या वर्षात सर्वांत जास्त वेळा बोलायला हवं असं हे वाक्य आहे. ओळखीच्या वॉर्डात ते सहज निघतं, कारण कोण ओरडेल आणि कोण हातातलं काम सोडून येईल हे ठाऊक असतं. अनोळखी वॉर्डात, रात्री दोन वाजता, सगळे धावत असताना ते घशातच अडकतं. रुग्णाला इजा होण्याच्या शक्यता मला ज्ञानाच्या कमतरतेपेक्षा या अडकण्यात जास्त दिसतात.

दुसरी गोष्ट जागेची. क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या औषधांची आणि साहित्याची गाडी) कुठे आहे, ठरलेल्या वेगाने औषध सोडणारा इन्फ्युजन पंप कोणत्या कंपनीचा आहे, इमर्जन्सीला कोणता नंबर फिरवायचा, संगणकावर नोंदीसाठी लॉगिन कुणाकडून मिळतं, इन्सुलिन कोणत्या फ्रिजमध्ये असतं. अनुभवी एजन्सी नर्सला नव्या जागी एवढंच शिकायचं असतं, बाकीचं तिच्या हातात असतं. नव्या नर्सला जागाही शिकायची असते आणि कामही, दोन्ही एकाच रात्रीत. इन्सुलिन, हेपॅरिन, मॉर्फीन, पोटॅशियम क्लोराइड यांसारख्या धोक्याच्या औषधांना अनेक ठिकाणी दुसऱ्या नर्सने स्वतंत्रपणे पडताळायचा नियम असतो. तो नियम कागदावर असला तरी तुमच्यासोबत मात्रेचा हिशोब नव्याने मांडणारं माणूस त्या शिफ्टला सापडायला हवं. नुसती ‘हो हो, बरोबर आहे’ म्हणून सही झाली तर पडताळणी झालीच नाही.

आणि एक तोटा ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ठरलेल्या वॉर्डात तुम्ही दुसऱ्या दिवशी परत येता. काल ज्याच्या श्वासाबद्दल शंका आली त्याचं काय झालं, डॉक्टरांना रात्री उठवलं ते बरोबर होतं का, हे कळतं. शंका खरी ठरली तर आत्मविश्वास येतो, चुकली तर का चुकली हे समजतं. शिफ्टपुरत्या कामात ही गोष्ट अर्धीच राहते. रुग्ण बरा झाला की आयसीयूत गेला, तुम्हाला पत्ताच नसतो. असे शंभर रुग्ण सांभाळले तरी त्यातून शिकणं फार थोडं होतं.

इथे एजन्सीचे लोक म्हणतात, आम्ही ट्रेनिंग देतो. खरं आहे, देतात. पण त्यात आणखी दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींची गल्लत होते: ओरिएंटेशन आणि प्रिसेप्टरशिप. ओरिएंटेशन म्हणजे जागेची आणि नियमांची ओळख. आग लागली तर काय करायचं, रुग्ण कसा उचलायचा, हात कधी धुवायचे, कचरा कोणत्या रंगाच्या पिशवीत. अर्धा दिवस, कधी दोन दिवस, कधी नुसते ऑनलाइन व्हिडिओ. प्रिसेप्टरशिपमध्ये एक अनुभवी नर्स नावानिशी तुमच्यासाठी नेमलेली असते, तुमच्या ड्युट्या तिच्यासोबत लागतात, सुरुवातीला दोन रुग्ण, मग तीन, असा भार हळूहळू वाढतो आणि ती वेळोवेळी तुमच्याशी बसून बोलते. अमेरिकेत २००२ पासून काही रुग्णालयांनी यासाठी वर्षभराचे नर्स रेसिडेन्सी कार्यक्रमच चालवले आहेत. तेव्हा ‘ट्रेनिंग आहे का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ येतं. विचारा: माझ्यासोबत कोण असेल, किती आठवडे असेल, आणि त्या काळात मला वॉर्डच्या स्टाफच्या संख्येत मोजणार का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर तुम्ही शिकायला आलेले नसून जागा भरायला आलेले आहात. हा प्रश्न थेट रुग्णालयात अर्ज करतानाही विचारावा. कायम नोकरी देऊन दुसऱ्याच आठवड्यात नव्या मुलीला एकटीने नाइट लावणारे वॉर्डही आहेत, आणि त्यांच्यापेक्षा नीट चालणारी एजन्सी बरी.

पैशाचं बोलायला हवं. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असताना तासाचा जास्त दर दिसला तर मन ओढलं जाणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण दर तासाचा असतो आणि तासांची हमी बहुधा नसते. वॉर्डात अचानक खाटा रिकाम्या झाल्या की पहिल्यांदा एजन्सीची शिफ्ट रद्द होते, कधी तुम्ही निघायच्या तयारीत असताना. पगारी रजा, आजारपणाची रजा, पुढच्या कोर्ससाठी सुट्टी यांबद्दल करारात काय लिहिलंय ते पाहून मगच दोन पगारांची तुलना करावी. चूक झाल्यास विमा कोणाचा, हेही लेखी हवं. नोंदणी तुमच्या नावावर आहे. ‘एजन्सीने पाठवलं म्हणून केलं’ हे उत्तर चौकशीत तुम्हाला वाचवत नाही. जे येत नाही त्याला नाही म्हणणं हे नर्सचं कर्तव्य आहे, पण पुढची शिफ्ट मिळेल की नाही या धास्तीत ते म्हणणं किती अवघड जातं हे मी समजू शकते.

भरती एजन्सीकडे वळायचं तर तिथला धोका वेगळा आहे, तो शिकण्याचा नसून फसवणुकीचा आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या कराराचं तत्त्व असं की खासगी एजन्सीने नोकरी शोधणाऱ्याकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये. त्यात अपवादांना वाव आहे आणि ज्या देशांनी तो मान्य केला त्यांनाच तो बांधतो, तरी पैसे मागणाऱ्या एजन्सीकडे कोणत्या नजरेने पाहावं हे त्यावरून ठरवता येतं. परदेशातल्या भरतीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ऐच्छिक आचारसंहिता केली. करारात शिरण्याआधी फायदे आणि जोखीम समजून घ्यायची संधी मिळावी, आणि बाहेरून आलेल्यांना तिथल्या कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने वागवावं, असं त्यात म्हटलं आहे. मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट कुणाच्या ताब्यात देऊ नका. बाँड असेल तर मध्येच सोडल्यास किती रक्कम द्यावी लागेल हा आकडा सहीआधी बघा. आणि वॉर्ड कोणता, हे नेमणूकपत्रात लिहून घ्या. ‘गेल्यावर ठरेल’ हे चालवून घेऊ नका.

हे सगळं वाचून एजन्सी नर्सबद्दल कुणाचं मत वाईट होऊ नये. दहा-दहा वर्षं आयसीयूत काढून मग स्वतःच्या सोयीने शिफ्ट घेणाऱ्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. अडलेला वॉर्ड त्या एकट्या तारून नेतात. एक-दोन वर्षांचा अनुभव झाल्यावर तुम्हीही तो रस्ता धरा, वेगवेगळे वॉर्ड बघा. काही एजन्सी स्वतःच अनुभवाशिवाय घेत नाहीत, आणि जी एजन्सी नव्या नोंदणीच्या नर्सला काहीही न विचारता उद्याची नाइट देते, तिच्याबद्दल तिथेच सावध व्हावं.

पण दुसरी नोकरीच नसेल, घर चालवायचं असेल, तर? मग निवड करून घ्या. जिथे शिकाऊ असताना पोस्टिंग केलं तोच वॉर्ड मिळतो का विचारा. सुट्या शिफ्टपेक्षा एका वॉर्डातली सलग नेमणूक घ्या. पहिले महिने शक्यतो दिवसपाळी मागा. आयसीयू आणि कॅज्युअल्टीला नाही म्हणा. वृद्धाश्रमातली रात्र, जिथे अख्ख्या इमारतीत नोंदणीकृत नर्स तुम्ही एकट्याच असाल, आणि घरी व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाची एकट्याने ड्युटी, या दोन गोष्टी तर नक्कीच नकोत. तिथे ‘जरा बघता का’ म्हणायला कुणी नसतं.

आणि शिफ्टला अर्धा तास आधी पोचा. क्रॅश कार्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा, पंप एकदा चालू-बंद करून बघा. मग इनचार्ज सिस्टरना गाठून सांगा: मी नवीन आहे, रक्त लावणं आणि सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) सांभाळणं मी अजून एकटीने केलेलं नाही, अडलं तर कुणाला विचारू? हे ओव्हर सुरू व्हायच्या आधी सांगायचं. ओव्हर संपला की रुग्ण वाटून झालेले असतात.