हिंसेचा अनुभव आणि किशोरवयीन धूम्रपान

मारहाण, छळ किंवा आसपासची हाणामारी ज्या मुलांच्या वाट्याला येते, त्यांच्यात सिगारेट लवकर हातात येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते. मार स्वतः खाल्लेलाच असावा लागतो असे नाही. बंद दाराआड आईला होणारी मारहाण ऐकत पांघरुणात जागे राहिलेले मूलही अभ्यासकांच्या हिशेबात येते.

या संबंधाची बहुचर्चित मोजणी अमेरिकेतील सॅन दिएगो येथे झाली. बालपणातील प्रतिकूल अनुभवांच्या या पाहणीचे पहिले निष्कर्ष व्हिन्सेंट फेलिटी, रॉबर्ट अँडा व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडले; धूम्रपानावरचा लेख १९९९ मध्ये आला. विचारलेल्या आठ प्रकारच्या अनुभवांपैकी पाच किंवा अधिक ज्यांनी सोसले होते, त्यांनी वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सिगारेट सुरू केलेली असण्याची शक्यता असा एकही अनुभव नसलेल्यांच्या सुमारे पाचपट निघाली. मात्र या आठांत आईवडिलांचा घटस्फोट आणि घरातील व्यसनही होते, त्यामुळे हा आकडा निव्वळ हिंसेच्या खात्यावर टाकणे चूक ठरेल. शिवाय उत्तरे देणारे प्रौढ होते; सांगत होते ते आठवून. जागतिक आरोग्य संघटनेच्या नंतरच्या प्रश्नावलीत सवंगड्यांची दादागिरी, वस्तीतील हिंसा आणि युद्ध यांचीही भर पडली.

सततच्या धास्तीत शरीर सावध पवित्र्यातून बाहेरच येत नाही. धुरातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचते, तिथे डोपामिन हे सुखावणारे रसायन स्रवते आणि जरा बरे वाटते. ‘डोकं शांत होतं’ हे मुलांचे म्हणणे खोटे नसते, अर्धवट असते. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. सवय जडलेल्याची मग चिडचिड होते, लक्ष लागत नाही. पुढची सिगारेट मुख्यतः हीच बेचैनी घालवते. घरच्या भीतीने होणारी घालमेल कोणती आणि तलफेची कोणती, हे मुलाला वेगळे करता येत नाही. दोन्हींवर उपाय मात्र एकच ठाऊक असतो.

कार्यकारणाचा गुंता अजून पुरता सुटलेला नाही. ज्या घरात हात उगारला जातो, तिथे पाकीटही पुष्कळदा हाताशीच पडलेले असते. घर टाळणारी मुले बाहेर ज्या टोळक्यात रमतात, तिथे ओढणे ही सामील होण्याची खूण असू शकते. हिंसा पाहिलेले प्रत्येक मूल ओढू लागते, असेही नाही. सिगारेट सोडवण्यासाठी समुपदेशन करताना म्हणूनच दिवसाला किती यापेक्षा नेमकी कधी, कशानंतर, हा प्रश्न जास्त कामाचा ठरतो.