रायफल्ड स्लग म्हणजे रायफल नव्हे: अस्वलांच्या मुलखात बारा बोअर की रायफल?

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. तो बडोद्यालाच सयाजीराव विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकला आणि आता पुढच्या शिक्षणासाठी अलास्कात, फेअरबँक्सला आहे. उन्हाळ्यात सहा आठवडे तंबू ठोकून खडकांचे नमुने गोळा करायचे आहेत, आणि तो सगळा मुलूख ग्रिझली अस्वलांचा. "मामा, तुकडीच्या सामानाच्या यादीत 'बारा गेज, रायफल्ड स्लगसह' असं लिहिलंय. म्हणजे रायफलच ना? तू एनसीसीत चालवायचास तशी?"

तशी नाही. पण चूक त्याची एकट्याची नाही. आपण घरात सगळ्यालाच बंदूक म्हणतो. रावपुऱ्यातल्या आमच्या वाड्यात आजोबांची दुनळी खुंटीला असायची, तीही बंदूक. आणि कॉलेजात असताना मी पॉइंट टू-टू रायफलने कागदावर नेम धरायचो, तीही बंदूकच. दोन्हींची नळी लांब, दोन्हींचा दस्ता लाकडी, दोन्ही खांद्याला लावायच्या. फरक आहे तो नळीच्या आत.

रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा कोरलेल्या असतात. गोळी त्या खाचांत घट्ट बसून पुढे सरकते, म्हणून बाहेर पडताना भोवऱ्यासारखी फिरत असते आणि त्या फिरकीमुळे सरळ जाते. शॉटगनची, म्हणजे आजोबांच्या दुनळीसारख्या बंदुकीची, नळी आतून गुळगुळीत. तिचं मूळ काम एका काडतुसातून मूठभर छर्रे उडवणं, म्हणजे उडत्या तितरावर एक तरी लागावा. बारा बोअर हे मापही त्या काळातलंच. नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोळा केला आणि असे बारा गोळे मिळून एक पौंड भरले, की ती नळी बारा बोअरची. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर साधारण १८.५. आपण ज्याला बोअर म्हणतो त्यालाच अमेरिकन लोक गेज म्हणतात. रायफलचं माप मात्र सरळ नळीच्या किंवा गोळीच्या व्यासावरून, इंचात: .३०, .३७५ वगैरे.

मग गुळगुळीत नळीत 'रायफल्ड' काय आलं? तर स्लग. छर्‍यांऐवजी काडतुसात एकच जाड शिशाचा तुकडा भरतात, तो स्लग. जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेकने १८९८ साली आपला स्लग काढला आणि अमेरिकेत कार्ल फॉस्टरचा १९३१ मध्ये आला. दोन्हींच्या अंगावर तिरप्या धारा असतात, म्हणून नाव रायफल्ड. त्या धारांनी स्लगला फिरकी मिळते अशी समजूत आहे, पण ती नावापुरतीच मिळते. धारांचा खरा उपयोग हा की नळीचं तोंड थोडं अरुंद असेल तर शिसं दाबलं जाऊन सुखरूप बाहेर पडतं. स्लग सरळ जातो तो बॅडमिंटनच्या फुलासारखा: वजन पुढे, मागचा भाग हलका. थोडक्यात, रायफल्ड स्लग हा बिनखाचांच्या नळीसाठीच असतो. खाचांच्या नळीची शॉटगनही मिळते आणि तिच्यासाठी प्लास्टिकच्या वेष्टनातला 'सॅबो' स्लग वेगळा येतो. दुकानात दोन्ही खोकी शेजारी शेजारी असतात, आणि गुळगुळीत नळीत सॅबो घातला तर तो डगमगत कुठेही जातो. भाच्याला हे मी दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. आजोबा एलजीची काडतुसं ठेवायचे, जाड छर्‍यांची. ती का नको? या निवडीत गोळी अंगात किती खोल शिरते, याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. प्रौढ नर ग्रिझली दोनशे-अडीचशे किलोंचा सहज असतो आणि अलास्काच्या किनाऱ्यावरची, सामन मासे खाऊन पोसलेली अस्वलं त्याच्या दुप्पट. दाट केस, त्याखाली चरबी, त्याखाली खांद्याचे जाड स्नायू, मग हाड. हृदय आणि फुप्फुसं त्याच्याही मागे. अमेरिकेत चालणाऱ्या, तशाच जाड छर्‍यांच्या डबल-ऑट काडतुसात नऊ छर्रे असतात, एकेक साधारण साडेतीन ग्रॅमचा. मिळून वजन बरंच होतं, पण प्रत्येक छर्रा एकटाच आत जातो आणि वरवरच थांबतो. अस्वल जखमी होतं आणि येतच राहतं. फॉस्टरचा स्लग २८ ग्रॅमचा, एकसंध. त्यातही तो मऊ आणि आतून पोकळ असल्यामुळे हाडावर चपटा होतो. ब्रेनेकचा भरीव असतो, म्हणून खोल जातो. बारा बोअरच न्यायची तर स्लग भरीव घ्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता रायफल शेजारी ठेवू. स्लग नळीतून निघतो तेव्हा वेग सेकंदाला ४८० मीटरच्या आसपास असतो. .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम हे १९१२ पासूनचं काडतूस १९ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७७० मीटरने सोडतं. वजन कमी असूनही ऊर्जा पावणेदोन पटीच्या जवळ जाते. शिवाय गोळी लांब, निमुळती आणि तांब्याच्या कवचातली असल्यामुळे खांद्याचं हाड फोडून पुढे जाते. अमेरिकेच्या वनसेवेने १९८३ साली अलास्कातल्या कर्मचाऱ्यांसाठी अगदी जवळून चाचण्या घेतल्या, तेव्हा वरच्या क्रमांकांवर .४५८ आणि .३७५ सारख्या भारी रायफलीच होत्या. जड, २२० ग्रेनची (साधारण १४ ग्रॅमची) गोळी घातलेली साधी .३०-०६ रायफल देखील चांगली ठरली. बारा बोअरचा स्लग त्यांच्या मागे होता. तरीही अलास्काचं वन्यजीव खातं .३०० मॅग्नम रायफल आणि स्लगची बारा बोअर दोन्ही योग्य मानतं, आणि .४४ मॅग्नमसारखं जड रिव्हॉल्व्हर संकटात, विशेषतः सराव नसलेल्या हातात, अपुरं पडू शकतं असं बजावतं.

कागदावर रायफल जिंकते. पण अस्वल ताशी ५५ किलोमीटरने धावतं, म्हणजे तीस मीटरवरून तुमच्यापर्यंत दोन सेकंद. एवढ्यात बंदूक खांद्यावरून उतरवायची, नळीत काडतूस चढवायचं, सेफ्टी काढायची आणि चाप ओढायचा. पंप शॉटगनमध्ये हाताखालचा सरकता भाग पुरता मागे खेचून पुढे न्यावा लागतो. घाबरलेला हात तो अर्धाच खेचतो आणि दुसरं काडतूस अडकतं. बोल्ट रायफलीत दर गोळीनंतर मूठ उचलून मागे-पुढे करावी लागते, तिथेही हीच गत. .३७५ चा धक्का असा असतो की चार गोळ्यांनंतर नवखा माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो. स्लगचा धक्काही काही हलका नाही. म्हणून माझं मत असं: वर्षानुवर्षं बोल्ट रायफल चालवलेल्या माणसाने रायफलच न्यावी, अगदी .३०-०६ सुद्धा चालेल. ज्याच्या हाताला पंपची सवय आहे त्याने भरीव स्लगची बारा बोअर. ज्याला दोन्हींची सवय नाही त्याच्या हातात यातली कुठलीही बंदूक मला नको वाटते.

हे नुसतं मामाच्या काळजीतून आलेलं नाही. अलास्कातल्या १८८३ ते २००९ मधल्या २६९ घटनांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. लांब नळीच्या बंदुका ७६ टक्के वेळा कामी आल्या आणि हातातल्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हर ८४ टक्के. पण बंदूक जवळ असलेल्यांनी ती चालवली काय आणि न चालवली काय, जखमी होण्याचं प्रमाण सारखंच राहिलं. त्यातल्याच काही अभ्यासकांनी २००८ साली बेअर स्प्रेचा, म्हणजे अस्वलावर मारायच्या तिखट फवाऱ्याचा, हिशेब मांडला होता: तपकिरी अस्वलांवर (ग्रिझली त्यातलीच) फवारल्यावर ९२ टक्के वेळा त्यांचं नको ते वागणं थांबलं, आणि स्प्रे जवळ असलेले ९८ टक्के लोक जवळच्या गाठीतून विनाजखम सुटले. घटना वेगवेगळ्या परिस्थितीतल्या, त्यामुळे आकडे एकमेकांसमोर मांडून तंतोतंत तुलना करू नये. पण स्प्रेला मिलिमीटरचा नेम लागत नाही, ढग पुरतो, हे उघड आहे.

इथे ताईचं ऐकून हसू नका. तिच्यासारखं अनेकींना वाटतं. ती म्हणाली, मुलींच्या पर्समध्ये असतो तो मिरचीचा स्प्रे मी इथूनच पाठवते. तो वेगळा. त्याची बारीक चिळकांडी माणसाच्या चेहऱ्यासाठी. अस्वलाचा डबा अमेरिकेत किमान सव्वादोनशे ग्रॅमचा असतो आणि सात-आठ मीटरवर धुकं उभं करतो. विमानात तो चालत नाही, तिथेच विकत घ्यावा लागतो.

आपल्याकडची गोष्ट अजून निराळी. बडोद्याहून दाहोदकडे रतनमहालचं अस्वलांचं अभयारण्य आहे, १९८२ पासूनचं. तिथली अस्वलं ग्रिझलीपेक्षा पुष्कळ लहान, पण अचानक समोर आली तर मागे हटत नाहीत, थेट तोंडावर झेप घेतात. मोहाची फुलं पडतात तेव्हा पहाटे वेचायला माणसंही जातात आणि अस्वलंही. तिथे रायफल की बारा बोअर हा प्रश्नच उठत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३१ व्या कलमाप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही. जीव वाचवताना अस्वल मेलं तर ११ वं कलम संरक्षण देतं, मात्र त्या क्षणी तुम्ही त्याच कायद्याचा भंग करत असाल तर नाही. आजोबांची परवान्याची दुनळी घेऊन आत शिरलेल्या माणसाला ती ढालही उरत नाही. वेचायला जाणारे घोळक्याने, मोठ्याने बोलत जातात, हातात काठी, आणि उजाडल्यावर.

तिकडच्या कायद्यातली मोठी अडचण भाच्याला कोणी सांगितलीच नव्हती. तो विद्यार्थी व्हिसावर आहे. अमेरिकेच्या संघराज्य कायद्याप्रमाणे अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं गुन्हा आहे. तिथला वैध शिकारीचा परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. नोकरीच्या एच-वन-बी वाल्यांनाही तेच लागू, ग्रीन कार्ड असेल तर नाही. अलास्कात बंदूक विकत घेणं सोपं दिसतं म्हणून हे विसरलं जातं. मी त्याला सांगितलं, आधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जा, लेखी विचार, तोवर सरावालाही हातात घेऊ नकोस.

त्याने विचारलं. यादीतली बारा बोअर तुकडीतला एक अनुभवी तंत्रज्ञ बाळगणार आहे, तिथलाच नागरिक, लहानपणापासून पंप चालवलेला. काडतुसं भरीव स्लगची. भाच्याच्या कमरेला स्प्रे. सरावासाठी औषध नसलेला डबा मिळतो, तो त्याने आणलाय. काल फोनवर म्हणाला, पट्ट्यातून डबा काढून सेफ्टी क्लिप उडवायला पहिल्यांदा चार सेकंद लागले. रोज वीस वेळा कर म्हणून सांगितलंय, हातमोजे घालूनसुद्धा.