पाचर, शिंपले आणि स्पर्धेचा पुरावा

डार्विनच्या १८३८च्या टिपणवहीत, लोकसंख्यावाढीवर लिहिणाऱ्या माल्थसचा निबंध वाचतानाच्या नोंदीत, पाचरींची उपमा आहे. निसर्गात जागा आधीच ठासून भरलेली. नवी पाचर आत शिरते ती कुणा दुबळ्याला बाहेर ढकलूनच. १८५९च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथातही ती आली. मग जीवाश्मांचे आलेख वाचण्याची सवयच तशी पडली: एक गट घटला, दुसरा वाढला, म्हणजे दुसऱ्याने पहिल्याला हटवले.

याचे ठरलेले उदाहरण ब्रॅकिओपॉड या सागरी प्राण्यांचे आणि शिंपल्यांचे. दोघांनाही दोन शिंपा, दोघेही पाणी गाळून खाणारे. शिंपल्याच्या शिंपा प्राण्याच्या डाव्या-उजव्या अंगाला असतात (बाजारातल्या तिसऱ्या याच गटातल्या), ब्रॅकिओपॉडच्या पाठ-पोटाला. पुराजीव महाकल्पात (सुमारे ५४ ते २५ कोटी वर्षांपूर्वी) ब्रॅकिओपॉडांचा सुकाळ होता. आज जेमतेम ४०० जाती उरल्यात. १९८० मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड आणि ब्रॅडफर्ड कॅलोवे यांनी दोन्ही गटांची मोजणी तपासली. एक दुसऱ्याला रेटत असेल तर एकाच्या चढाबरोबर दुसऱ्याचा उतार दिसायला हवा. तो दिसला नाही. पारडे फिरले ते २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन या कालखंडाच्या अखेरच्या महाविनाशात: ब्रॅकिओपॉडांचे कंबरडे मोडले, शिंपले सावरले. वाद तिथे मिटला नाही. २०१५ मध्ये नव्या सांख्यिकी पद्धतीने दोन गटांत परस्परप्रभावाचे दुवे पुन्हा दिसले.

मुळात मोजणीतच खोट असू शकते. ब्रॅकिओपॉडांची शिंप बहुतेकदा कॅल्साइट या खनिजाची, टिकाऊ. अनेक शिंपल्यांची अॅरागोनाइट या दुसऱ्या खनिजाची, ती खडकात विरघळून जाते. म्हणजे जुन्या थरांत शिंपले आहेत त्याहून कमी भासतात, आणि नंतरची 'वाढ' फुगते. शिवाय एका थरातले सगळे कवच एकाच वेळी जिवंत होते असेही नाही.

थेट झटापट टिपणारे जीवाश्म विरळा. ब्रायोझोआ या वसाहतीने राहणाऱ्या चिमुकल्या जलचरांच्या वसाहती मात्र कवचांवर पसरताना एकमेकींवर चढतात आणि तशाच दगड होतात. १९९५ मध्ये फ्रँक मॅकिनी यांनी अशा चकमकी मोजल्या. इथेही सापळा आहेच: खालची वसाहत आधीच मेलेली असेल तर ती हार धरता येत नाही, म्हणून भिडलेल्या कडा बारकाईने पाहाव्या लागतात. ब्रायोझोआंच्या चीलोस्टोम गटाने सायक्लोस्टोम या दुसऱ्या गटावर सुमारे दोन-तृतीयांश चकमकी जिंकल्या होत्या. पण सुमारे १० कोटी वर्षांत हे प्रमाण वाढतही गेले नाही आणि घटतही. चीलोस्टोमांचे वैविध्य मात्र त्याच काळात कित्येक पटींनी फोफावले.