पाणी कसोटीला उतरलं, मातीचं काय?

प्रक्रिया केलेलं सांडपाणी शेताला द्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, त्यात जड धातू किती? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. प्रक्रिया केंद्रात शिसं, तांबं, जस्त यांचा बराचसा भाग गाळाला चिकटून बाजूला होतो. शेतात पोचतो तो उरलासुरला अंश. मात्र हा अंश सेंद्रिय घाणीसारखा कुजून संपत नाही. पाण्याची वाफ होते, धातू मागे राहतो.

आकडेमोड करून पाहू. अन्न व कृषी संघटनेच्या १९८५च्या मार्गदर्शिकेत सिंचनाच्या पाण्यात कॅडमियम हा विषारी जड धातू लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत चालेल असं म्हटलं आहे. हेक्टरला वर्षाकाठी एक कोटी लिटर पाणी दिलं, तर १०० ग्रॅम कॅडमियम शेतात आलं. वरच्या २० सेंटिमीटर थरात माती साधारण २,६०० टन. म्हणजे किलोमागे दरसाल जेमतेम ०.०४ मिलिग्रॅम. पण सगळं तिथंच साचलं असं धरलं, तर पंचवीस वर्षांत किलोमागे एक मिलिग्रॅमची भर पडते, आणि दूषित नसलेल्या बहुतेक जमिनींत मुळात तेवढंही कॅडमियम नसतं. चांगली प्रक्रिया झालेल्या पाण्यात ते मर्यादेच्या बरंच खाली असतं, हा मोठा दिलासा आहे. तरीही पाण्याच्या अहवालावर समाधान मानू नये. दर काही वर्षांनी माती तपासायलाच हवी.

साठा झाला म्हणजे तो पिकात उतरलाच असंही नाही. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, धातूंचे धन आयन, म्हणजे धन भार असलेले अणू, त्यांना धरून बसतात. सेंद्रिय पदार्थ ही पकड आणखी घट्ट करतात. शिसं शिरलंच तर बहुतांशी मुळांतच अडकतं. कॅडमियम मात्र चपळ. ते पानांपर्यंत चढतं, म्हणून पालेभाज्यांची काळजी जास्त. पाण्यात क्लोराइड भरपूर असेल तर कॅडमियम त्याच्याशी जोडी जमवतं, मातीच्या कणांवरून सुटतं आणि मुळांना सहज मिळतं.

सगळ्यात जास्त फरक पाडतो तो जमिनीचा सामू (pH), म्हणजे ती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचं माप. तो उतरला, जमीन आम्ल झाली, की हायड्रोजनचे आयन धातूंना त्यांच्या जागेवरून हुसकावतात. अमोनियमयुक्त खतं वर्षानुवर्षं दिली तरी सामू हळूहळू उतरतो. मग पाण्यातून नवा कणभरही धातू आलेला नसताना जुनाच साठा मोकळा होऊन भाजीत चढू लागतो. अशा जमिनीत चुना घालून सामू वर आणला, तर कॅडमियम पुन्हा मातीला धरून बसतं.